जुना ट्विन-लेन्स कॅमेरा घेतलात? अनुभव लिहा

टीएलआर, म्हणजे एकावर एक दोन लेन्सचा, कमरेशी धरून वरून बघायचा कॅमेरा. हल्ली याबद्दल विचारणारे बरेच भेटतात आणि प्रश्न ठरलेले असतात. जपानी याशिका घेऊ की जर्मन रोलाय? ऑनलाइन मागवू की बाजारात जाऊन बघू? पहिलाच फिल्म कॅमेरा हा घेतला तर झेपेल का?

ज्यांनी घेतला, वापरला, विकला किंवा घेऊन नुसता कपाटात ठेवला, त्या सगळ्यांनी लिहा. कुठला मॉडेल, कुठून घेतला, हातात आल्यावर काय तपासलं, नंतर काय निघालं. नुसतं ‘रोलाय ते रोलायच’ असं लिहून पळू नका. सुरुवात मीच करतो.

भरदुपार (धागाकर्ता), सातारा

माझा याशिका-डी. गावातला एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून घेतला. याला प्रकाश मोजणारा मीटर नाही, फिल्म फिरवायचा क्रँक (दांडा) नाही. फिल्म गोल मुठीने पुढे न्यायची आणि शटर वेगळ्या खटक्याने चढवायचं. १२० नंबरच्या रुंद फिल्मवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे बारा फोटो. शिकायला याच्याइतका सरळ कॅमेरा नाही असं माझं मत, कारण बिघडण्यासारखं आत फारसं काही नाहीच.

एक बघून घ्या. बऱ्याच याशिका-डीवर याशिकॉर ही तीन काचांची लेन्स असते, नंतरच्यांवर चार काचांची याशिनॉन. लेन्सच्या कडीवर नाव असतं, तरी विकणारे दोन्ही एकाच भावाने सांगतात. याशिकॉर एफ ३.५ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) पूर्ण उघडं असताना, कडांना मऊ पडते, एफ ८ च्या पुढे नेली की तक्रारीला जागा नाही. माझी याशिकॉरच आहे आणि बदलायचा विचार नाही.

कोरा चहा, ठाणे

याशिका-मॅट १२४जी, जपानहून मागवला. वर्णनात ‘जवळजवळ नवा’ लिहिलेलं आणि पार खाली बारीक अक्षरांत ‘मीटर तपासलेला नाही’. तपासलेला नाही म्हणजे बंद आहे, हे गृहीतच धरायचं. त्यात कस्टम ड्युटी आणि कुरिअर आधी हिशेबात धरा, नाहीतर स्वस्तात मिळाल्याचा आनंद दारावरच संपतो.

मीटर बंद असल्याने माझं काही अडलं नाही. तो मुळात पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेला, ते सेल आता मिळत नाहीत आणि साधा दीड व्होल्टचा घातला की आकडा चुकतो. मी फोनवरचा मीटर वापरते. भर उन्हात तोही लागत नाही: १०० आयएसओची फिल्म, अ‍ॅपर्चर एफ १६, शटर १/१२५ सेकंद, विषय संपला. मीटर चालू आहे म्हणून कोणी चार हजार जास्त मागत असेल तर देऊ नका, तेवढ्यात रोल येतील.

रंकाळा, कोल्हापूर

आमचा स्टुडिओ होता, वडिलांचा. लग्नाच्या ऑर्डरी रोलायकॉर्डवर, म्हणजे रोलायच्या स्वस्तातल्या मॉडेलवर व्हायच्या. चौकोनी निगेटिव्ह असल्यामुळे कॅमेरा आडवा-उभा करायची भानगड नाही. गिऱ्हाइकाला उभा फोटो हवा की आडवा, ते नंतर एन्लार्जरखाली, फोटो मोठा करून छापताना ठरायचं.

आता तपासणीचं. भरदुपार दादांनी लेन्सचं सांगितलं, पण त्याआधी शटर ऐका. एक सेकंदावर ठेवा आणि दाबा. आतली चक्रं एकसारखी गुणगुणत सेकंदभर चालली पाहिजेत. मध्येच अडखळली किंवा शटर उघडंच राहिलं तर जुनं तेल घट्ट झालंय. सर्व्हिसिंगने निघतं, पण तो खर्च किमतीतून आधी वजा करा. आणि दुकानात सेल्फ-टायमरला हात लावू नका. जुन्या शटरमध्ये तो अडकला की अख्खं शटर अडकून बसतं.

दुसरी तपासणी फार कमी जण करतात. वरची लेन्स तुम्हाला दाखवते आणि खालची फोटो काढते. दोघींचा फोकस जुळला नाही तर वर डोळे स्वच्छ दिसतील आणि निगेटिव्हवर कान. घरी करायचं ते असं: मागचं झाकण उघडा. फिल्म जिथून सरकते त्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, सुरकुती नको. शटर बी वर (दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) लावा, केबल रिलीजच्या तारेने उघडं धरून ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. कॅमेरा स्टँडवर लावून समोरच्या खिडकीच्या गजांवर वरून फोकस करा आणि मग मागे कागदावर बघा. गज उलटे दिसतील, पण धारदार दिसले पाहिजेत. नंतर हेच लांबच्या एखाद्या दिव्यावर करा. वर धारदार आणि मागे पुसट, म्हणजे कोणीतरी कॅमेरा खोलून पुन्हा लावताना घाई केलीय. वडील कोणाचाही कॅमेरा विकत घेताना हे केल्याशिवाय पैसे काढत नसत.

कोरा चहा, ठाणे

रंकाळा काका, ट्रेसिंग पेपर आत्ताच लावून बघितला. जुळतंय! जीव भांड्यात पडला.

सुकी न्हय, फोंडा

गोव्यातून लिहितो, म्हणजे बुरशीबद्दलच लिहिणार. चामड्याच्या मूळ केससकट कॅमेरा मिळाला की लोक खूश होतात. केस ठेवा, पण कॅमेरा तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि आपल्याकडच्या पावसात त्यातली लेन्स आतून जाळं विणते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि पंधरा-वीस रुपयांच्या वस्तूसारखा दिसणारा आर्द्रतेचा काटा, एवढं पुरतं. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायचा.

विकत घेताना शटर बी वर उघडं धरून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण काही करत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की सोडा. वरच्या लेन्सला थोडी बुरशी असली तर मी चालवून घेतो, ती फोटो काढत नाही. खालचीला नाही. आणि आतला आरसा फडक्याने पुसू नका! त्याचा मुलामा पुढच्या बाजूला असतो, बोटाच्या जोराने निघून येतो.

पंचधातू, पुणे

मी वापरणारा नव्हे, जमवणारा, तेव्हा माझं गणित वेगळं.

फ्रांके उंड हायडेके या कंपनीने ब्राउनश्वाइगला १९२९ साली पहिला रोलायफ्लेक्स काढला. तो ११७ फिल्मचा, म्हणजे आज त्यात रोल घालायचा विषयच नाही, पण माझ्यासारख्याला तोच हवा असतो. १९३३ चा पहिला रोलायकॉर्ड चामड्याऐवजी नक्षीच्या धातूच्या पत्र्याने मढवलेला होता. तो कोणी ब्रासोने लख्ख करून आणला की माझ्या पोटात गोळा येतो. जमवणाऱ्याला झिजलेला पण अस्सल पत्रा हवा असतो. नवीन रंगीत चामडं चढवलेला कॅमेरा फोटोत छान दिसतो, पण संग्राहक त्याला हात लावत नाही.

बुधवार-रविवारचा आपला जुना बाजार पूर्वी सोन्याची खाण होता. आता विक्रेतेही फोनवर भाव बघून बसतात आणि कुठल्याही मोडक्या डब्याला ‘अँटिक’ म्हणतात. घासाघीस अजून चालते, फक्त नंबर आधी वाचा. बॉडीवरचा सिरियल नंबर आणि त्यातली लेन्स एकाच काळातली आहे का, एवढं जरी जुळवलं तरी निम्मे जोडतोड माल बाजूला पडतात.

वापरणाऱ्यांसाठी एकच इशारा: ६२० फिल्मचे अमेरिकन कॅमेरे. कोडॅक रिफ्लेक्स, आर्गोफ्लेक्स. दिसायला टीएलआर, किमतीला स्वस्त, पण ६२० कोडॅकने १९९५ मध्ये बंद केली. फिल्म तीच असली तरी रिळाचा दांडा बारीक, त्यामुळे अंधारात १२० चा रोल काढून जुन्या रिळावर गुंडाळत बसावं लागतं. हौस असेल तर करा.

संत्रीवाली, नागपूर

मी कॉलेजात आहे. अमेरिकन फोटोग्राफर व्हिव्हियन मायरने रोलायफ्लेक्सने आरशात बघून काढलेले स्वतःचे फोटो पाहिले आणि रोलायफ्लेक्स हवाच असं वाटलं. भाव पाहून लुबितेल-२ घेतला :) रशियन, बॅकेलाइटचा, इतका हलका की खेळणं वाटतो. लेन्स तीन काचांची, एफ ४.५, शटर १/१५ ते १/२५०. मागे लाल खिडकी, नंबर बघत फिल्म फिरवायची.

त्रास एकच, फोकसचा. वरच्या काचेत फक्त मधला छोटा गोल घासलेल्या काचेचा, बाकी सगळं नेहमीच स्वच्छ दिसतं, त्यामुळे फसायला होतं. मी आता अंतर पावलांनी मोजते आणि आकड्यावर लावते. उन्हात एफ ११ ला फोटो असे येतात की प्रोफेसरांनी डिजिटल समजून फाइल मागितली. पण रोल, धुलाई, स्कॅन धरून एका फोटोला शंभरच्या वर जातात. महिन्याला एक रोल, त्यापुढे ऐपत नाही.

बॅकपॅक, हॅनोव्हर

इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात टीएलआर अजून दिसतात. ब्राउनश्वाइग जवळ असूनही रोलाय स्वस्त मिळत नाही, सगळ्यांना त्याची किंमत माहीत आहे. मी झेक बनावटीचा मेओप्टाचा फ्लेक्सारेट घेतला, रोलायकॉर्डच्या कितीतरी कमी पैशांत. नाव कमी ऐकलेलं म्हणून गर्दी नाही. फोकसची दांडी जड लागत होती, तेव्हा जोर न लावता सर्व्हिसिंगला दिला. मिनोल्टा ऑटोकॉर्ड बघणाऱ्यांनी तर हे फारच सांभाळावं. त्याची फोकसची दांडी लेन्सखाली असते, ग्रीस घट्ट झालेलं असताना दाबली की मोडते आणि सुटा भाग मिळवताना नाकी नऊ येतात.

शटरबाग, डोंबिवली

मामिया सी३३०. लेन्स बदलता येणारा टीएलआर, ५५ पासून २५० मिलिमीटरपर्यंत. लेन्समागे घड्यांचा भाता असल्याने चेहऱ्याच्या अगदी जवळ जाता येतं. वजन मात्र लोकलमधून न्यायचं नाही. भात्याच्या कोपऱ्यांत अंधाऱ्या खोलीत टॉर्च घालून बघा, सुईएवढी भोकं तिथेच असतात.

नवा भिडू, नाशिक

सगळं वाचलं. बजेट वीस हजार. एकीकडे रोलायकॉर्ड व्हीबी मिळतोय, ‘शटर थोडं स्लो’ म्हणतायत. दुसरीकडे याशिका-डी, सर्व्हिस केलेला, अठरात. रोलाय सोडवत नाही हो.

रंकाळा, कोल्हापूर

रोलायचा मोह मला कळतो, पण ‘थोडं स्लो’ या शब्दांवर जाऊ नका. एक सेकंद, पाव सेकंद आणि १/३० असे तिन्ही आवाज व्हिडिओत मागवा, कॅमेरा आणि फोन एकाच टेबलावर ठेवून. सोबत मागचं झाकण उघडं असलेला फोटो. सर्व्हिसचा खर्च धरून रोलायकॉर्ड पंचवीसच्या आत बसत असेल आणि तेवढं ताणायची तयारी असेल तर घ्या, नाहीतर याशिका. व्हिडिओ आला की इथेच टाका, ऐकून सांगतो.