सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, सातारा : हे आजचं कोणतं?

स्मरणिका_काम
शाळेच्या स्मरणिकेसाठी जुन्या गुरुजींची यादी करतोय. एका सेवापुस्तकात 'व्ह. फा., सीनियर पी.टी.सी., सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रे. कॉलेज, सातारा' असं आहे, वर जिल्हा 'द. सातारा'. कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं, आणि रयतचा रौप्यमहोत्सव म्हणजे १९४४. कॉलेज तेव्हाचं धरू का?

जुनं_दप्तर
नका धरू. इथंच बरेच जण घसरतात. रयत १९१९ ची खरी, पण ही ज्युबिली रयतची नव्हे, इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याची. तो १९१० ला गादीवर आला, १९३५ ला पंचवीस वर्षं झाली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी कॉलेज काढलं ते त्याच साली. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर मास्तर हवेत, म्हणून 'रूरल'. पुढं त्याला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, शोभतंही तेच. साताऱ्याच्याच आझाद कॉलेजशी गल्लत करू नका. तेही रयतचंच, पण १९५५ चं आणि हायस्कूलच्या शिक्षकांसाठी.

फायनल_पास
व्ह. फा. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवीची परीक्षा. तेवढ्यावर अनट्रेन्ड मास्तर म्हणून लागता यायचं. पी.टी.सी. म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. ट्रेनिंगचं पहिलं वर्ष झालं की ज्युनियर, दुसरं झालं की सीनियर. त्यामुळं एकाच नावापुढं दोन साल दिसली तर चूक समजून एक खोडू नका.
'द. सातारा' म्हणजे दक्षिण सातारा. हा जिल्हा १९४९ ला झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे ते पान त्या अकरा वर्षांत लिहिलेलं. ट्रेनिंग त्याआधीचंही असू शकतं.

स्मरणिका_काम
ट्रेनिंगपुढं नुसतं १९४७ आहे. कॉलेजकडं काय मागू?

जुनं_दप्तर
जनरल रजिस्टरचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा. अर्जात वडिलांचं नाव, मूळ गाव आणि तालुका लिहाच. आडनाव जुन्या कागदांत वेगळं असतं किंवा नसतंच. वर्ष जूनला सुरू व्हायचं, म्हणून १९४६-४७ आणि १९४७-४८ दोन्ही बघायला सांगा. सीनियरचं साल असेल तर प्रवेश त्याच्याही आधीचा, तेव्हा १९४५-४६ पण.

फायनल_पास
आणि यादीत मालक म्हणून सरसकट 'जिल्हा परिषद' छापू नका. ती १ मे १९६२ पासूनची. त्याआधीच्या नोंदीवर स्कूल बोर्ड असेल, तेच ठेवा.