३०० एमबीपीएसची जोडणी, पण केबलवर वेग ९४ च्या पुढे का जात नाही?

प्रश्न

माझ्या घरी फायबरची जोडणी असून योजनेप्रमाणे तिचा वेग ३०० एमबीपीएस आहे. गेले तीन आठवडे निरनिराळ्या वेळी वेगचाचणी घेऊन मी आकडे वहीत टिपत आलो आहे, पण त्यातून उलगडा होण्याऐवजी गोंधळच वाढला आहे. राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर सकाळ असो वा मध्यरात्र, आकडा ९३ ते ९५ च्या दरम्यानच राहतो. त्याच राउटरजवळ उभे राहून फोनवर वायफायने चाचणी घेतली, तर दिवसा २६० ते २८० मिळतात, रात्री नऊनंतर मात्र १८० च्या आसपास. आणि दोन भिंतींपलीकडच्या आतल्या खोलीत तर कोणत्याही वेळी ३५ च्या वर काही मिळत नाही. वायफायपेक्षा केबल चांगली असेच आजवर ऐकत आलो, इथे नेमके उलटे दिसते. ग्राहक सेवेकडून 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे' एवढेच उत्तर मिळते.

शंका आणखी एक आहे. याच कंपनीच्या मोबाइल सेवेच्या नकाशावर माझे घर ५जीच्या गडद पट्ट्यात येते, पण घरात फोन बहुतेक वेळ ४जीवरच असतो आणि गच्चीत गेल्यावरच ५जी पकडतो. तरीही कंपनीचा प्रतिनिधी फायबर सोडून ५जीवर चालणारा घरगुती राउटर घेण्याचा आग्रह करत आहे. तो घ्यावा का?

पहिले उत्तर

आपल्या वहीतला सर्वांत बोलका आकडा ९४ हा आहे, कारण तो वेळेनुसार बदलत नाही. गर्दीमुळे येणारा मंदपणा संध्याकाळी वाढतो आणि पहाटे ओसरतो. दिवसरात्र एकाच ठिकाणी अडणारा आकडा म्हणजे वाटेत कुठेतरी ठरावीक मापाचा अडथळा आहे. केबलची जोडणी १०० एमबीपीएसवर चालत असेल, तर वेगचाचणीत साधारण ९४-९५ च दिसतात, कारण माहिती छोट्या पाकिटांत जाते आणि उपयोगाची १४६० बाइट माहिती पोचवण्यासाठी पत्ते, तपासणीचे अंक आणि दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून तारेवर १५३८ बाइटांएवढा वेळ खर्च होतो.

आता ही जोडणी १०० वर का आली असेल? नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसली, तर दोन्ही बाजूंची उपकरणे बहुधा तक्रार न करता १०० वर तडजोड करतात आणि नेट चालूच राहते, म्हणून दोष लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलची जोडणी ज्या वेगावर चालते तो आकडा, पाहा. तिथे १०० दिसत असेल तर प्रथम केबल बदला. त्यानेही फरक पडला नाही, तर राउटरचा पोर्ट किंवा लॅपटॉपला लावलेला अडॅप्टर गिगाबिटचा आहे का, हे तपासावे लागेल.

दुसरे उत्तर

केबलविषयी वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण रात्री वायफायवर २७० चे १८० होणे त्यातून सुटत नाही आणि ते नजरेआड करू नये. घरोघरी येणारे फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचे असते. त्यात एका धाग्यावरची उतरणीची (डाउनलोडची) सुमारे २.५ आणि चढणीची (अपलोडची) सुमारे १.२५ गिगाबिट क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि पुढे कंपनीच्या मुख्य वाहिन्यांवरही अशीच वाटणी असते. सगळे एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागले की कुठल्या तरी टप्प्यावर चणचण भासते. अर्थात शेजाऱ्यांची वायफाय उपकरणेही रात्रीच जास्त चालतात, म्हणून केवळ वायफायच्या आकड्यांवरून कंपनीला दोष देता येणार नाही. केबल दुरुस्त करून रात्रीची चाचणी केबलवर घ्या.

आतल्या खोलीचा प्रश्न निराळा आहे. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग जास्त मिळत असला तरी त्या भिंतीत लवकर विरतात, २.४ च्या दूर पोचतात, पण तिथे एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर सगळ्या परिसराची दाटी. केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे उपकरण) बसवणे हाच माझ्या मते खात्रीचा उपाय आहे. बिनतारी रिपीटर तीच माहिती हवेतून दोनदा पाठवत असल्याने अनेकदा निराशा करतो.

तिसरे उत्तर

मी मोबाइलविषयीच लिहितो. व्याप्तीचे नकाशे बहुधा टॉवरची उंची, वारंवारता आणि भूभाग यांवरून संगणकाने वर्तवलेले असतात आणि ते सामान्यतः इमारतीबाहेरचे चित्र दाखवतात. नकाशा खोटा नाही, पण तो आपल्या गच्चीचा आहे, बैठकीच्या खोलीचा नाही. ३.५ गिगाहर्ट्झचा ५जी पट्टा जाड भिंतीत आणि धातूचा मुलामा दिलेल्या काचेत फार क्षीण होतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आत शिरतो, पण त्याची रुंदी कमी असल्याने वेगही बेताचा.

फोनवरच्या काड्यांना सर्वमान्य प्रमाण नाही, म्हणून त्यांवर विसंबू नका. फोनच्या माहितीत किंवा एखाद्या ॲपमध्ये आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून फोनला मिळणाऱ्या सिग्नलच्या शक्तीचा आकडा, मिळतो. तो उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर जेमतेम. हे माप लॉगरिदमी आहे, त्यामुळे या दोहोंतला ३० डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नलच्या शक्तीत हजारपटीचा फरक होय. गच्चीत आणि घरात दोन्हीकडे तो पाहा आणि मग ठरवा. चालते फायबर सोडून ५जी राउटरवर जाणे मला पटत नाही. टॉवरची क्षमता फिरत्या ग्राहकांतही वाटली जाते आणि प्रतिसादाचा वेळही फायबरइतका स्थिर राहत नाही. फायबर पोचत नाही तिथे मात्र टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवलेला हाच राउटर फार उपयोगी पडतो.

प्रश्नकर्ता

लिंक स्पीड १०० च निघाला. केबल दाराखालून नेली होती आणि उंबरठ्याशी, जिथे दाराची कड रोज तिच्यावरून घासते, तिथे ती बोटभर लांबीत चपटी झालेली होती. वरचे आवरण मात्र शाबूत, म्हणून कधी शंका आली नाही. नवी केबल भिंतीच्या कडेने नेल्यावर लिंक १००० झाला आणि दुपारी २९० मिळाले. रात्री साडेनऊला त्याच केबलवर १८५, सलग चार दिवस. आरएसआरपी गच्चीत उणे ८४ आणि बैठकीत उणे ११२ आहे, त्यामुळे ५जी राउटरचा विचार सोडला.

दुसरे उत्तर देणारा

आता तक्रारीला आधार आहे. ती नोंदवण्यापूर्वी रात्री साडेनऊलाच लागोपाठ दोन चाचण्या घ्या, एक कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर आणि दुसरी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर. पहिलीत २९० आणि दुसरीत १८५ आले, तर अडचण बहुधा कंपनीच्या जाळ्याबाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. दोन्हींत १८५ आले, तर आपल्या भागातला धागा किंवा त्याच्या लगतची वाहिनी भरली आहे, असे मानायला जागा आहे. चारही दिवसांच्या वेळा, केबलवरचे आकडे आणि लिंक स्पीड १००० असल्याचे छायाचित्र तक्रारीला जोडा, म्हणजे 'वायफायमुळे होत असेल' हे उत्तर देता येणार नाही.