११ वर्षांचा मुलगा, एडीएचडी + अँक्झायटी, संध्याकाळ झाली की घर डोक्यावर घेतो. काय करू?

कावलेली_आई

नमस्कार. इथे बरेच महिने नुसती वाचतेय, लिहायचा धीर होत नव्हता. मुलगा ११ पूर्ण, आठव्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालं आणि गेल्या वर्षी अँक्झायटी (सतत काळजी, भीती) पण आहे म्हणाले. सकाळी ७ ला एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेटची लाँग ॲक्टिंग (हळूहळू, जास्त वेळ काम करणारी) गोळी घेतो. शाळेतून एक तक्रार नाही, बाई म्हणतात किती समजूतदार मुलगा आहे हो तुमचा. आणि हाच समजूतदार मुलगा घरात आला की अर्ध्या तासात असा काही भडकतो की विचारू नका. काल निमित्त काय तर धाकटीने त्याच्याकडे "बघितलं". नुसतं बघितलं! दप्तर भिरकावलं, दार आपटलं, मला नको नको ते बोलला, मी पण ओरडले, आणि पाऊण तासाने कुशीत येऊन रडत म्हणतो मी वाईटच आहे, तुम्ही सगळे माझ्याशिवाय सुखी राहाल.

टॅब आठवडाभर काढून घेतला, काही फरक नाही, उलट रोज त्याच्यावरूनच भांडण. रात्री झोपताना उद्या काय होणार, तू कुठे असशील, घ्यायला कोण येणार हे वीस वेळा विचारतो, मी वीस वेळा उत्तर देते कारण नाही दिलं तर परत तमाशा. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलाय. नवरा गप्प. मला फक्त एवढंच कळायचंय की हे गोळीमुळे आहे, वयामुळे आहे, की माझंच चुकतंय?

दोन_कप_चहा

ताई, आधी एक दीर्घ श्वास घ्या. माझी मुलगी आता १४ ची आहे, १० ते १२ मध्ये आमच्याकडे हेच चालू होतं म्हणून सांगते. एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त वेळा लिहा. किती वाजता भडकला, गोळी किती वाजता घेतली होती, डब्यातलं किती खाल्लं होतं, रात्री किती झोपला होता, बस. कोण चुकलं वगैरे काही लिहायचं नाही.

कारण असं की मेथिलफेनिडेटची साधी गोळी साधारण ४ तास चालते आणि लाँग ॲक्टिंग प्रकाराप्रमाणे ८ ते १२ तास. तुमची ७ ला घेतलेली ८ तासवाली असेल तर ती ३ च्या आसपास ओसरली. काही मुलांना ती ओसरताना नुसतं पूर्ववत होत नाही, तर तासभर नेहमीपेक्षा जास्त चिडचिड होते, त्याला रिबाउंड म्हणतात. त्यात या गोळीने भूक मरते, म्हणजे दुपारचा डबा अर्धा परत, पोट रिकामं, आणि दिवसभर शाळेत शहाणं राहून जीव मेटाकुटीला आलेला. आमच्या डॉक्टरांनी वही बघून पाच मिनिटांत गोळीचा प्रकार बदलला, त्याआधी सहा महिने मी "खूप चिडते हो" एवढंच सांगत होते आणि ते तरी काय करणार. तुमच्याकडे हेच निघेल असं नाही. दिवसभरच चिडका किंवा गप्प मलूल वाटत असेल तर डोस जास्त होत असेल, ती वेगळी गोष्ट. पण गोळी आपल्या मनाने कमीजास्त करू नका, बंद तर नकोच.

आणि घरी आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न विचारू नका. आज काय शिकवलं, डबा का नाही संपवला, होमवर्क काय आहे, काही म्हणजे काही नाही. समोर खायला ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मला हे जमायला महिना लागला, जीभ शिवशिवते.

स्पष्टवक्ता७२

राग येईल पण बोलतो. शाळेत शहाणा आणि घरीच आरडाओरडा म्हणजे त्याला कंट्रोल करता येतं ना? कुठे खपतं हे पोरांना बरोबर कळतं. आमच्या वेळी असली नावं नव्हती, एक नजर पुरायची.

खिडकीजवळचा_बाक

@स्पष्टवक्ता७२ काका, मी तोच मुलगा. आज ३१ चा आहे, निदान २६ व्या वर्षी झालं. ती "एक नजर" आमच्याही घरी होती आणि ती पुरायची हे खरं, मी गप्प बसायचो. पण वर्गात प्रत्येक मिनिटाला स्वतःला धरून ठेवायचं, हलू नको, बोलू नको, चुकलं तर सगळे हसतील, बाईंनी नाव घेतलं तर काय, हे सहा तास करून घरी आलं की कोणी पंखा बंद केला तरी तळपायाची आग मस्तकात जायची. घरी फुटतो कारण घरीच फुटून चालतं, बाहेर भीती वाटते. ताई, त्याला तुम्ही सुरक्षित वाटता, याचं कौतुक त्या क्षणी कोणालाच वाटणार नाही हे मला माहितीये.

अजून एक, भडकलेला असताना मला शब्दच कळायचे नाहीत. आई समोर उभी राहून समजावत राहायची आणि मला फक्त आवाज ऐकू यायचा, वाढत जाणारा. बाबा काही न बोलता खोलीच्या दाराशी खाली बसायचे, पेपर घेऊन. ते चालायचं.

बालसमुपदेशक_घरी_आईच

मुलांसोबतच काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

ताई, "वयामुळे की गोळीमुळे की माझ्यामुळे" यात एकच उत्तर निघणार नाही. एडीएचडीत लक्षाइतकाच भावनांचा ब्रेकही उशिरा लागतो. एडीएचडीवर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉ. रसेल बार्कली पालकांना एक ढोबळ हिशोब सांगतात की स्वतःला आवरण्याच्या बाबतीत ही मुलं वयाच्या साधारण ३० टक्के मागे असतात, म्हणजे तुमचा ११ चा मुलगा या एका बाबतीत साताठ वर्षांचा आहे असं धरून चला. त्यावर अँक्झायटी. भीती वाटली की कोणी पळतं, कोणी थिजतं, कोणी अंगावर येतं, तुमचा अंगावर येतोय. वड्याचं तेल वांग्यावर, धाकटी नेमकी समोर होती इतकंच.

त्यामुळे "नाही करणार!" ओरडला की आधी हे ओळखा की हा कुठला "नाही" आहे. कंटाळा, सुरुवातच जमत नाही, पसारा बघून घाबरला, हा एडीएचडीचा "नाही". तिथे शेजारी बसून पहिली दोन गणितं सोबत करा, गाडी सुरू होते. चुकेल, हसतील, बाई रागावतील, हा भीतीचा "नाही". तिथे नुसती मदत केली तर भीती अजून घट्ट बसते, लहान लहान पायऱ्यांनी त्याला तिथे न्यावंच लागतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात म्हणून आपण एकच औषध दोन्हीला लावतो.

ती वीस उत्तरं, खरं सांगू, तिथे मला जास्त काळजी वाटली. उत्तर दिलं की त्याला दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग भीतीला अजून एक उत्तर लागतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी पालकांसाठी स्पेस नावाची पद्धत बसवलीये, त्यात मूल थेरपीला यायला तयार नसलं तरी चालतं, बदल आईबापांनी करायचा असतो. गाभा असा की भीती नाकारायची नाही आणि तिची हांजी हांजीही करायची नाही. "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू निभावशील हे पण मला माहितीये." एवढंच. पण आज रात्री अचानक उत्तरं बंद करू नका, त्याला दुपारी शांतपणे आधी सांगा की आजपासून एकदा उत्तर देईन, नंतर हे वाक्य म्हणेन. पहिले काही दिवस तो जास्त चिडेल, तेव्हा डगमगू नका.

भडका चालू असताना "श्वास घे, शांत हो" म्हणजे आगीत तेल. श्वासाची सवय शांत असताना लावायची, तिचा उपयोग पुढे कधीतरी. तेव्हा धाकटीला बाजूला न्या, फेकण्यासारखं उचला, कमी बोला. स्पष्टवक्ता काकांचं एक मात्र मान्य, मर्यादा हवीच. मारणं, तोडणं चालणार नाही, त्याची शिक्षा आधी ठरलेली, लहान आणि त्याच दिवशी संपणारी. आठवडाभर टॅब बंद म्हणजे या मुलांना जन्मभर बंद, तिसऱ्या दिवशी कशासाठी ते पण आठवत नाही.

"माझ्याशिवाय सुखी राहाल" हे मात्र रागातलं म्हणून सोडू नका. शांत असताना सरळ विचारा, तुला मरावंसं वाटतं का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला किंवा गोलमाल बोलला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, तोवर एकटं सोडू नका. अँक्झायटीसाठी नवीन गोळी सुरू झाली असेल किंवा डोस वाढवला असेल तर हेही सांगा, सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांची चिडचिड आणि अस्वस्थता त्याने वाढते. मधल्या वेळेतही तो कायम रागीट किंवा उदास असतो का हेही ते विचारतील, कारण मग वेगळं काही तपासावं लागतं.

कावलेली_आई

आठ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार. त्याच दिवशी विचारलं. हात थरथरत होते माझे. म्हणाला "मरायचं नाही गं, मला फक्त असं नको असायला." तरी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावून त्याच्याशी एकट्याशी बोलले, सध्या धोका वाटत नाही पण लक्ष ठेवा म्हणाले.

वही भरली. आठ दिवसांत सहा भडके, पाच ४ ते साडेपाचमध्ये. गोळी ८ तासवालीच निघाली, परवा बदलून दिलीये, अजून सांगण्यासारखं काही नाही. सहावा रविवारी रात्री, सोमवारी तोंडी परीक्षा होती, ते मला वही वाचताना कळलं, तेव्हा नाही. वीस प्रश्नांचं काल सातवर आलं, पण सातव्याला उशी फेकली. नवरा दाराशी बसतो आता, पेपर नाही, मोबाईल घेऊन.

एकच राहिलं. धाकटी ७ ची आहे, ती हल्ली चार वाजले की आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसते.

दोन_कप_चहा

तिच्याकडे बघा ताई. माझा धाकटा पण असाच "गुणी" झाला होता, मला उशिरा लक्षात आलं. रोज पंधरा मिनिटं फक्त तिची, दार लावून, दादाचा विषय नाही. आणि दादा चिडतो ते तुझ्यामुळे नाही हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, त्यांना तसंच वाटत असतं.