साइडपॉड नव्हे, तळ बघा
फॉर्म्युला वनमधली २०२२ ची मर्सिडीज साइडपॉड (गाडीच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग) जवळजवळ नसल्यामुळेच मागे पडली, असं वर दोघांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. त्याच अरुंद साइडपॉडांवर मर्सिडीजच्या रसेलने त्या वर्षी ब्राझीलची शर्यत मारली. उलट २०२३ ला मोनॅकोपासून रुंद साइडपॉड आले, तरी अख्ख्या मोसमात एकही विजय नाही.

खरी मेख गाडीच्या पोटाखाली होती. २०२२ च्या नव्या नियमांनी तळाखाली मोठे बोगदे दिले. तिथून हवा वेगाने जाते, दाब उतरतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. पण तळ फार खाली गेला की प्रवाह कोंडतो, ओढ एकदम सुटते, गाडी उसळते आणि परत खेचली जाते. त्या वर्षी बाकूच्या शर्यतीनंतर मर्सिडीजचा दुसरा चालक हॅमिल्टन पाठ धरून कॉकपिटमधून उतरला तो याच आदळआपटीमुळे. म्हणून तर नियम ठरवणाऱ्या एफआयए या संस्थेने २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घ्यायला लावल्या.

टीव्हीवर साइडपॉड दिसतात, तळ दिसत नाही, त्यामुळे चर्चा तिकडेच फिरते. मोनॅको २०२३ ला प्रतिस्पर्धी संघातल्या पेरेझची रेड बुल आणि हॅमिल्टनची मर्सिडीज, दोन्ही आपटल्यावर क्रेनने उंच उचलल्या होत्या. ते फोटो शेजारी ठेवून बघाच. रेड बुलच्या तळाची वळणं किती बारकाईने घडवलीत ते लगेच कळेल.