टेबल पायऱ्यांवर नको
गणपती विसर्जनाला आपल्या स्वयंसेवकांचं मूर्तिदान आणि निर्माल्याचं टेबल नाशिकच्या रामकुंडाच्या पायऱ्यांलगतच लावू, म्हणजे सगळ्यांना दिसेल, असं एकानं सुचवलंय. विसर्जनाच्या गर्दीत ते नकोच. ओल्या पायऱ्या निसरड्या होतात, त्यात थांबलेल्या माणसांनी वाट तुंबते. थोडं वर, उजेडात लावा. आणि घरची मंडळी गणपती घेऊन आली की त्यांची आरती निवांत होऊ द्या. मूर्तीला हात घालायची घाई करू नका.

सगळ्यात जपायचं ते गर्दीत हरवून टेबलापाशी आलेलं मूल. त्याचे कपडे, खुणा माइकवरून सांगू नका. न्यायला येईल त्यालाच त्या विचारा. मुलापाशी कायम दोघं जण हवेत, एक ताई असली तर फारच बरं. पोलिसांना ११२ वर लगेच कळवा. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइनही टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.