मदत हवी आहे : वेस्टर्न क्लासिकलच्या बांधणीचे प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम

नमस्कार मंडळी,

प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) ऐकणारं इथे कुणी ना कुणी असेलच, म्हणून विचारते. मला असे अल्बम हवे आहेत ज्यांची बांधणीच वेस्टर्न क्लासिकलची आहे. एक थीम येते, ती मोडून-जोडून खेळवली जाते, वेगळ्या सुरातून फिरून परत येते. दोन-तीन वाद्यं आपापली चाल धरून एकमेकांत गुंफली जातात. रॉकच्या मागे नुसता व्हायोलिनचा ताफा उभा केलेला नकोय. त्यातलं बरंच ऐकून झालंय. मूडी ब्लूज या बँडचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' (१९६७) गोड आहे, पण त्यात ऑर्केस्ट्रा आणि बँड बहुतेक आळीपाळीनेच येतात. डीप पर्पलचा रॉयल अल्बर्ट हॉलमधला १९६९ चा बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीचा कॉन्चेर्तो त्यांच्या जॉन लॉर्डने मनापासून लिहिलाय, तरी दोन्ही पक्ष समोरासमोर बसल्यासारखे वाटतात.

विचारण्याचं कारण माझे सासरे. पप्पा अनेक वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आपल्या संगीत नाटकांत असायचा तसला, पायाने भाता चालवायचा. आता ते आमच्याकडे पाचपाखाडीला असतात. दिवसभर बाख आणि हँडल या जुन्या संगीतकारांच्या रचना लावतात. रॉक लावलं की उठून गॅलरीत जायचे. एका रविवारी मी जेनेसिसचं 'फर्थ ऑफ फिफ्थ' लावलं ('सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड', १९७३). सुरुवातीला टोनी बँक्सचा एकट्याचा पियानो आहे, आणि तिथला ताल सारखा बदलत राहतो. पप्पांनी पेपर बाजूला ठेवला आणि टेबलावर बोटांनी मात्रा मोजायला लागले. मोजणी चुकली की "परत लाव." पुढे सुरुवातीचाच पियानोचा भाग सिंथेसायझरवर सगळ्या बँडसकट परत येतो, आणि आधी बासरीवर आलेली चाल शेवटी स्टीव्ह हॅकेटच्या गिटारवर केवढी तरी मोठी होऊन येते. तेव्हा म्हणाले, "अगं, ह्यांना कुठून निघालो ते शेवटपर्यंत आठवतंय." मला नेमकं हेच हवंय!

त्यानंतर आम्ही काय काय ऐकलं ते सांगते, म्हणजे तेच परत सुचवलं जाणार नाही.

इमर्सन, लेक अँड पामरचा 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' (१९७१). मूळ रचना मुसॉर्गस्कीने १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलेली. सुरुवात इमर्सनने न्यूकॅसल सिटी हॉलच्या पाइप ऑर्गनवर वाजवली आहे, त्यावर पप्पा बेहद्द खूश. पुढे सिंथचा कल्लोळ सुरू झाला तशी मान हलायला लागली. येस या बँडच्या 'फ्रॅजाइल' अल्बमवर रिक वेकमनने ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीचा तिसरा भाग कीबोर्डांवर वाजवलाय. त्यावर पप्पांचं म्हणणं, मग मूळच का ऐकू नये? मला ते पटलं. जेथ्रो टल या बँडने बाखचं 'बुरे' (एक नृत्यरचना) बासरीवर छान उचललंय, पण ते चार मिनिटांच्या आत संपतं.

तर क्लासिकलमधून उचललेली चाल नसली तरी चालेल, विचार करायची पद्धत तिथली हवी. खरा ऑर्गन असेल तर उत्तमच. गाणं असलं तरी हरकत नाही, लांबलचक ड्रम सोलो मात्र नको. मी एरवी ऐरोलीला जाता-येता गाडीत ऐकते, तिथे हळुवार जागा खडखडाटात बुडून जातात, पण हे सगळं घरी बसून ऐकणार आहोत. भारतीय फ्यूजन इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढेन.

— ठाणेकरीण

मंद्रसप्तक :
ताई, पप्पांना आधी जेंटल जायंटचं 'ऑन रिफ्लेक्शन' ऐकवा ('फ्री हँड', १९७५). चार आवाजांचा फ्यूग आहे. एक आवाज चाल घेऊन निघतो, त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा, चौथा, आणि पुढे तोच फ्यूग वाद्यं उचलतात. त्यांचा केरी मिनियर लंडनच्या रॉयल अकॅडमीत कॉम्पोझिशन शिकलेला, ते लगेच कळतं. चर्चमध्ये चार भागांत गाणाऱ्यांबरोबर वाजवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ऑर्गनसाठी येसचं 'अवेकन' ('गोइंग फॉर द वन', १९७७). बँड स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या स्टुडिओत, आणि वेकमन शेजारच्या व्हव्हेच्या चर्चमधल्या ऑर्गनवर. दोन्ही टेलिफोनच्या तारांनी जोडून एकाच वेळी वाजवलंय. पंधरा मिनिटांचं आहे, पण गायन फार उंच सुरात आहे, ते पप्पांना चालेल का बघा. 'क्लोज टू दी एज'मध्ये (१९७२) मधल्या संथ भागात पाइप ऑर्गन येतो तेव्हा आवाज थोडा वाढवून ठेवा.

रेनेसान्सचं 'रनिंग हार्ड'ही लावा ('टर्न ऑफ द कार्ड्स', १९७४). सुरुवातीचा पियानो जेहान आलँच्या 'लितानी' या ऑर्गनच्या रचनेवरून घेतलाय. उचललेलं नको म्हणालात हे वाचलंय, तरी सांगतोय, कारण मुळातली चीज ऑर्गनवाल्यांची आहे आणि ॲनी हॅस्लमचा गळा फार स्वच्छ आहे.

जुईनगर :
ग्रिफनचा 'रेड क्वीन टू ग्रिफन थ्री' (१९७४). बासून, रेकॉर्डर, क्रमहॉर्न अशी फुंकून वाजवायची जुनी वाद्यं, गाणं अजिबात नाही. बुद्धिबळाच्या डावावर बेतलेल्या चार रचना. ड्रम्स आहेत पण अंगावर येत नाहीत. बाकी कुणी न्यू ट्रोल्सचा 'कॉन्चेर्तो ग्रोसो' (१९७१) सुचवेल. लुइस बाकालोवने लिहिलेला ऑर्केस्ट्राचा भाग सुरेख आहे, पण तुम्हाला व्हायोलिनचा ताफाच नकोय, तर तो मागे ठेवा.

ठाणेकरीण :
दोघांचेही मनापासून आभार. 'ऑन रिफ्लेक्शन' आज संध्याकाळी लावलं. पप्पांनी पहिल्यांदा काही न बोलता ऐकलं, दुसऱ्या वेळी खालचा आवाज पकडून गुणगुणायला लागले आणि मला म्हणाले, "तू वरचा धर." मला जमेना, पण ते थांबले नाहीत. 'अवेकन'चा ऑर्गन आवडला, गायन नाही. ग्रिफन उद्या. जेंटल जायंटचं असं एकात एक गुंफलेल्या आवाजांचं आणखी काय आहे?

मंद्रसप्तक :
'ऑक्टोपस' (१९७२) मधलं 'नॉट्स'. जुन्या मॅड्रिगलच्या (अनेक आवाजांत गायच्या गाण्यांच्या) धर्तीवर आहे, शब्द एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात तुटक-तुटक फेकले जातात. 'ऑन रिफ्लेक्शन'पेक्षा अवघड आहे, तेव्हा पप्पांना मात्रा मोजायला पेन्सिल-कागद द्या.