छोट्या बेटांवर कुष्ठरोगाचा सर्व्हे: घरातल्यांना तपासून का भागत नाही?

निशिगंधा_एमपीएच:
पब्लिक हेल्थ करतेय, सध्या किरिबाती (प्रशांत महासागरातला छोटा देश) आणि इंडोनेशियातल्या बेटांवरच्या कुष्ठरोग सर्व्हेंबद्दल वाचतेय. किरिबातीत 33 बेटं आणि निम्मी माणसं एकट्या दक्षिण तारावात दाटीवाटीने राहतात, दहा हजारांत एकापेक्षा कमी पेशंट हे टार्गेट भारताने देशपातळीवर 2005 ला गाठलं पण किरिबातीला नाही जमलं. मला एवढंच विचारायचंय की पेशंटच्या घरचे आणि शेजारी तपासून त्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनची (जंतू मारणारं औषध) गोळी दिली तर स्वस्तात काम होतं ना, अख्खं बेट कशाला पालथं घालायचं? आणि बेटावरून माणूस जाणार कुठे, तरी लोक सुटतात कसे?

दर्यावर्दी_७२:
तू इंडोनेशिया म्हणालीस ना, मग फ्लोरेस समुद्रातल्या पाच बेटांचं काम नीट वाच. 2000 साली तिथे 4,140 लोक तपासले, त्यात 96 पेशंट निघाले, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस माणसांमागे एक!! मग काही बेटांवर सगळ्यांना रिफाम्पिसिन दिलं, काही ठिकाणी फक्त पेशंटच्या संपर्कातल्यांना, आणि एका गटाला काहीच नाही. तीन वर्षांनी बघितलं तर सगळ्यांना दिलं तिथे नवे पेशंट बरेच कमी झाले, आणि फक्त संपर्कातल्यांना दिलं तिथे काहीच न दिलेल्यांपेक्षा फरक दिसला नाही. माझ्या मते कारण सरळ आहे, लहान बेटावर सगळेच एकमेकांच्या नात्यात नाहीतर उठण्याबसण्यात, त्यात हा जंतू इतका संथ की लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही, तोपर्यंत कोण कोणाजवळ राहिलं हे कोण सांगणार. संपर्कातला नाही असा माणूस तिथे शोधूनही सापडणं अवघड.

वर्धेकर_काका:
ताई, मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून विदर्भात नोकरी केली, आता रिटायर आहे. घरोघरी सर्व्हे, लोकशिक्षण आणि उपचार ही पद्धत आमच्या वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग संस्थेनेच डॉ. वारदेकरांच्या काळात बसवली, त्यामुळे या विषयावर जीव आहे. लोक सुटतात ते दोन प्रकारे. एक म्हणजे आपण जातो तेव्हा जो घरी नसतो तो, गावाकडे शेतावर गेलेला, बेटावर होडी घेऊन गेलेला, आणि नेमके कमावते पुरुषच तपासायचे राहून जातात, म्हणून भेटले नाहीत त्यांची यादी करून परत जायचंच. दुसरा प्रकार जास्त वाईट, माणूस समोर असतो पण चट्टा कपड्याखाली असतो. तपासणी दिवसाउजेडी, सदरा काढून, पाठ कंबर मांड्या सगळं बघायचं, बायकांना बाईनेच आणि आडोशाला. चट्टा दिसला की त्याला डोळे मिटायला सांगायचं, कापसाचा धागा टेकवायचा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखव म्हणायचं, चट्ट्यावर बोट गेलं नाही तर तो बधिर. मग कोपरामागची शीर, म्हणजे मज्जातंतू, चाचपायची, जाड झालीय का, दाबल्यावर दुखते का. या रोगाचा चट्टा खाजत नाही दुखत नाही म्हणून माणूस स्वतः येतच नाही, आणि बोटं वाकडी झाल्यावर आला की औषधाने जंतू मरतात पण बोटं सरळ होत नाहीत हो.

अनघा_आरोग्यसेविका:
काकांना अनुमोदन. अजून एक, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे टीम एकाच घरात शिरली की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, मग मुलीचं लग्न मोडतं. सगळ्यांनाच तपासलं तर कोणावर बोट राहत नाही, मला हे गोळीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

निशिगंधा_एमपीएच:
खूप आभार सगळ्यांचे, काका तुम्ही तर डोळ्यासमोर उभं केलंत. मग गोळी सरसकट सगळ्यांना देऊन टाकायची का?

वर्धेकर_काका:
नाही, आधी खोकला, ताप, वजन घटणं विचारायचं. टीबीचा संशय असेल तर एकटं रिफाम्पिसिन द्यायचं नाही, टीबीचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. आणि ज्याला कुष्ठरोगच निघाला त्याला एका गोळीवर ठेवायचं नाही, पूर्ण एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र कोर्स. तारावात टीबीही भरपूर, म्हणून तिथे दोन्ही रोगांची तपासणी एकत्र केली ते बरोबरच आहे. आणि हो, गोळीनंतर लघवी लालसर होते हे देतानाच सांगून ठेवा, नाहीतर लोक घाबरतात आणि पुढच्या फेरीला दार उघडत नाहीत.